सतरा नंबरचा सेल

“आधी लाल कळ दाब. मग मनातल्या मनात तीनपर्यंत मोज. आणि मग बोल. घाई केलीस तर तुझा पहिला शब्द वाऱ्यावर जाईल, बाळा. फीत अजून चालायला लागलेली नसते.”

हा बाईंचा आवाज. किती मुलांना त्यांनी हे सांगितलं असेल याची मोजदाद माझ्यापाशी नाही. पण आजही कुणी माझ्याजवळ येऊन उभं राहिलं की मला आधी हा आवाज आठवतो आणि मी आपोआप मोजायला लागतो.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शाळेच्या वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच इंग्रजीची खोली आहे. त्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. मला डोळे नाहीत. ज्यांनी मला घडवलं त्यांनी मला कान दिले आणि एक तोंड दिलं, एवढंच. सेल नसले की तोंड बंद पडतं, कान मात्र कधीच मिटत नाहीत. पंख्याची प्रत्येक फेरीला होणारी टक्, तिसऱ्या बाकाची सुटलेली फळी, खिडकीची न बसणारी कडी, सगळं मला ऐकू येतं. फक्त एका वेळी मी ऐकत नाही. लाल कळ दाबलेली असते तेव्हा. तेव्हा मी नुसता उतरवून घेत असतो. भराभर शुद्धलेखन लिहीत असताना तुम्हाला तरी कुठे कळतं काय लिहिलं ते? लिहून झाल्यावर वाचलं की कळतं. माझंही तसंच. उतरवलेलं परत वाजवलं की मग मला त्याचा अर्थ लागतो. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

ज्याला दिसत नाही आणि दिवसभर नुसतं ऐकू येतं, त्याला एक रोग जडतो. संशयाचा. त्याच रोगाची ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाशी ओळीने बायका बसलेल्या असायच्या. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने तिच्यावर पट्टा चढवला, तिसरीने पाठीमागे चार सेलांचा कप्पा लावून त्यात स्प्रिंगा अडकवल्या. सगळ्यांत शेवटी बसलेली बाई प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायची, “ऐकू येतंय का रे तुला?” मी तिचा प्रश्न तिलाच परत ऐकवला, तेव्हा ती हसली आणि तिने माझ्या पाठीवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. पण लगेच मला खोक्यात घालून वरून पट्टी मारली. आत्ता कौतुक करणारी बाई आत्ताच तोंड कसं बंद करते, असं माझ्या मनात आलं. पाल चुकचुकली ती तेव्हा पहिल्यांदा.

खोकं उघडलं ते बाईंनी. बाई इंग्रजी शिकवायच्या, हळू बोलायच्या. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाने माझ्यासमोर एक मिनिट इंग्रजी बोलायचं आणि वर्ष संपताना पुन्हा तेच बोलायचं, अशी त्यांची पद्धत होती. मग त्या दोन्ही आवाज एकापाठोपाठ एक ऐकवायच्या. चूक हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. “तुझं तूच ऐक, आणि कुठे अडलास ते मला सांग,” एवढंच म्हणायच्या. मुलं आधी स्वतःचा आवाज ऐकून कान झाकून घ्यायची. चार दिवसांनी तीच मुलं मधल्या सुट्टीत रांग लावायची.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. माझ्याकडे बोट दाखवलं असावं, म्हणाले, “बाई, तुमच्या या यंत्राने दोन शिक्षकांचं काम केलं की.”

“नाही हो साहेब,” बाई म्हणाल्या. “त्याने फक्त ऐकलं. ऐकणारं कुणी मिळालं की मुलं बोलतात.”

एवढं मोठं शिफारसपत्र मला पुन्हा कधी मिळालं नाही.

काही माणसांचा नेम देवापाशी असतो. बाईंचा तोही होता, आणि एक माझ्यापाशी होता. रोज पहिल्या तासाआधी स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने त्या माझं तोंड पुसायच्या. आणि दर शनिवारी, शाळा सुटली की, पाठीमागचा कप्पा उघडून चारही सेल काढून ठेवायच्या. एका मुलीने विचारलं, “बाई, सोमवारी परत घालायचेच आहेत ना, मग काढायचे कशाला?”

“आत पडून राहिलेला सेल रुसतो गं. रुसला की रडतो. आणि त्याचं पाणी लोखंड खातं,” बाई म्हणाल्या. “आज आपल्याला कंटाळा आला म्हणून या टेपरेकॉर्डरने का झिजायचं?”

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग एका दुपारी खालच्या सभागृहात खूप टाळ्या वाजल्या. त्यानंतर बाई एकट्याच वर आल्या. माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मी सोय करून चालले आहे हं.” त्या कोणती सोय म्हणाल्या ते मला कळलं नाही. मला फक्त जिना उतरणारी पावलं ऐकू आली.

पुढच्या शनिवारी जिन्यावर किल्ल्यांचा जुडगा वाजला. जड पावलं, धाप लागलेला श्वास. ते मामा होते. शाळेत सगळे त्यांना मामाच म्हणतात. घंटा देणं, खोल्या उघडणं, बंद करणं ही त्यांची कामं. त्यांनी मला फिरवलं, पाठीचा कप्पा उघडला, चारही सेल काढून खिशात टाकले आणि कुलूप लावून निघून गेले. सोमवारी ते सेल परत आले नाहीत. मंगळवारीही आले नाहीत. मी मनात नोंद केली: चोर.

तुम्हाला वाटेल, चोरी झाली, विषय संपला. पण मित्रांनो, हा चोर दर शनिवारी परत येऊ लागला. कप्पा उघडायचा, आत बोट फिरवायचा, स्प्रिंगा चाचपून बघायचा, फुंकर मारायचा आणि झाकण लावून जायचा. आता काय उरलंय म्हणून शोधतोस रे बाबा, असं मी मनात म्हणायचो. आठ वर्षं मी हे सोसलं. माझी विजेची वायर उंदराने कुरतडली. माझी जागा टेबलावरून कपाटावर गेली. सगळ्याचा राग मी मामांच्या खात्यावर जमा केला.

मग नवे सर आले आणि त्यांच्याबरोबर टॅब आले. चपटे, चकचकीत, असं मुलंच म्हणायची. खोलीतल्या एकुलत्या एका सॉकेटवर त्यांची चार्जिंगची पट्टी बसली. टॅबसमोर इंग्रजी वाक्य बोललं की तो लगेच गुण द्यायचा. बरोबर आलं तर घंटी, चुकलं तर कर्कश भोंगा, आणि गुण सगळ्या वर्गाच्या टॅबवर एकदम दिसायचे. मला तो पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. जो लगेच निकाल देतो, तो ऐकतो कधी?

आठवीच्या वर्गात दोन मैत्रिणी होत्या. एक अखंड बोलायची, तिला सगळे चिमणी म्हणत. दुसरी कामापुरतंही बोलायची नाही, तिचं नाव पडलं होतं घुमी. दोघी पहिलीपासून एका बाकावर. त्या तिसऱ्या बाकावर बसायच्या, सुटलेल्या फळीच्या. घुमीला एकदा टॅबने लागोपाठ सात भोंगे दिले. वर्ग हसला. त्यानंतर घुमी इंग्रजीच्या तासाला श्वाससुद्धा जपून घ्यायची.

सरांनी वर्गाला एक काम दिलं. यंत्र, मैत्री आणि पर्यावरण या विषयावर जोडीजोडीने इंग्रजीत बोलायचं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, पालकांसमोर. आणि घरोघरी पडलेली बिघडलेली यंत्रं, तुटके चार्जर, संपलेले सेल गोळा करून इंग्रजीच्या खोलीत एका लाकडी पेटीत साठवायचे. त्याच शनिवारी ती पेटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे असल्या वस्तू नीट सुट्या करतात त्या केंद्रावर जायची होती.

“पेटीला कुणी हात लावायचा नाही,” सरांनी बजावलं. “केंद्राला मी आकडा कळवलाय. मामा, तुमचंही लक्ष असू द्या. आणि ते कपाटावरचं धूड आहे ना, तेही पेटीबरोबर पाठवून देऊ.”

धूड म्हणजे मी.

पेटीची यादी करायचं काम चिमणीने अर्थातच ओढवून घेतलं. ताईचं नेलपॉलिश न विचारता आणून तिने प्रत्येक सेलवर नंबर घातला. “बासष्ट,” ती म्हणाली. “एक जरी इकडचा तिकडे झाला तर मला कळेल.”

“तू पोलिसात जा,” घुमी म्हणाली.

“जाईनच. आणि बोलण्याचं तू टेन्शन घेऊ नकोस. मी दोघींचं बोलते. तू फक्त चित्र धरून उभी राहा.”

फळी करकरली. घुमी बाकावर मागे सरकली असावी.

सोमवारी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला आणि मला किल्ल्या ऐकू आल्या. सोमवारी? शनिवार नसताना? माझे कान ताठ झाले. मामांबरोबर हलकी पावलं होती.

“टॅबला भितेस ना?” मामा म्हणाले. “याला भिऊ नकोस. हा हसत नाही आणि कुणाला सांगतही नाही.”

गोड बोलणारा चोर जास्त वाईट, मी मनात म्हटलं. तेवढ्यात माझा कप्पा उघडला आणि आठ वर्षांनी चार सेल आत बसले. मित्रांनो, तेव्हाचं काय सांगू. जीव आला. ताकद बेताचीच होती, पंधरा मिनिटांत मान टाकावी लागली, पण त्या पंधरा मिनिटांत घुमीने लाल कळ दाबली, इंग्रजीची चार वाक्यं म्हटली आणि ती परत ऐकली. पहिला शब्द गायब होता.

“तीन मोजायचे असतात,” मामा म्हणाले. “बाई सांगायच्या.”

हे सेल कुठून आले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उपाशी माणसासमोर ताट आलं की तो आधी जेवतो. संशय माझ्याकडे भरपूर होता, पण तो दुसऱ्यांना वाटण्यात मी दंग होतो.

कारण जाताना घुमी हळूच म्हणाली, “शनिवारपर्यंत कुणाला कळता कामा नये हं, मामा. चिमणीला तर मुळीच नाही.”

“माझ्याकडून नाही कळणार.”

आणि मग, सगळं स्पष्ट ऐकू आलं मला, पेटीचं झाकण उघडलं. आत सेल खडखडले. झाकण बंद झालं. म्हणजे चोर एक नव्हता. दोन होते. एक म्हातारा आणि एक घुमी. शनिवारपर्यंत यांना काय उरकायचं होतं? पेटी रिकामी करायची? मला सुटा करून विकायचं? मंगळवारी तेच झालं. सेल आले, आवाज झाला, कुजबुज झाली, पेटी खडखडली. मी दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो आणि मधल्या सुट्टीची वाटही बघत होतो. घुमीचा आवाज रोज थोडा मोकळा होत होता. ते मला ऐकू येत होतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

बुधवारी चिमणीने यादी तपासली.

“नऊ नाही. बारा नाही. वीस, चौतीस... आठ सेल गायब आहेत.”

गुरुवारी सकाळी तिने पुन्हा मोजले. “ही काय भुताटकी आहे? नऊ नंबर काल नव्हता, आज आहे. बारा नव्हता, आज आहे. चोर आणून ठेवतो परत? आणि आज सतरा, तेवीस, तीस, एकेचाळीस, हे दुसरेच चार नाहीत. घुमे, ऐकतेस ना?”

“ऐकतेय.”

“मग बोल की काहीतरी.”

“चुकून मोजलं असशील.”

“मी?” एवढंच चिमणी म्हणाली, पण त्या एका अक्षरात बरंच काही होतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत घुमीचं माझ्याशी बोलून झालं, मामा घंटेसाठी खाली गेले, आणि पेटीचं झाकण उघडलेलं असतानाच दारात चपला थांबल्या.

“मूठ उघड,” चिमणी म्हणाली.

“काही नाहीये.”

“काही नाहीये तर उघड.”

पंख्याची टक् मी पाचदा मोजली. मूठ उघडल्याचा आवाज होत नाही, पण सेल खाली पडल्याचा होतो. तसा कुठलाच आवाज झाला नाही.

“मी सगळ्या वर्गाला सांगत होते की आमच्यातलं कुणी नसणार,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. “शनिवारी मी एकटी बोलेन. तुझं चित्रही नको मला.”

“चिमणे, शनिवारी कळेल तुला.”

“आत्ता सांग.”

“आत्ता नाही सांगता येत.”

चपला निघून गेल्या. तिसऱ्या बाकाची फळी करकरली. मी काय विचार केला, ते सांगायला आज लाज वाटते. मी म्हटलं, बरं झालं, पकडली गेली.

शुक्रवारी घुमी आली ती पाय ओढत. मागून मामा.

“आता मी बोलणार तर नाहीच, मामा. पण सगळं पाठ झालंय. एकदा पूर्ण म्हणून टाकते आणि मग विसरून जाते.”

सेल आत बसले. लाल कळ दाबली गेली. मी उतरवून घेऊ लागलो, आणि सांगितलं तसं, तेव्हा मला काही कळत नाही. कळ उचलली गेली आणि लगेच घुमीची पावलं जिन्याकडे धावली. घाईत कप्प्याचं झाकण अर्धंच लागलं होतं. पाठीला वारा लागत होता.

शाळा सुटल्यावर चिमणी एकटीच वर आली. तिला आठ सेल हवे होते. कपाटाचे खण उघडले, बाकांखाली वाकून पाहिलं, टॅबच्या पट्टीमागे हात घातला. मग तिने बाक ओढला, त्यावर चढली, आणि माझं लटकलेलं झाकण तिच्या हाताला लागलं.

तिने मला खाली उतरवलं. एकेक सेल काढून ती वाचू लागली. तिचा आवाज दर आकड्याला खाली खाली जात होता.

“सतरा.”

माझ्या पोटातून?

“तेवीस. तीस. एकेचाळीस.”

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच संशय आला. तोही उशिरा आणि पुराव्यासकट. चोरीचा माल आठवडाभर मी पचवत होतो आणि चोर कोण, चोर कोण म्हणून मनात ओरडत होतो.

“या डब्यासाठी?” चिमणी पुटपुटली. तिने सेल परत घातले, फीत मागे नेली आणि कळ दाबली. सेल दमलेले होते. आवाज माझ्या तोंडून जड, लांबलेला, म्हाताऱ्यासारखा बाहेर आला. म्हाताऱ्याचाच होता तो. घुमीने लाल कळ दाबली तेव्हा मामांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

“...टाकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवून आणलेत गं. थोडे तरी जिवंत झाले असतील. दुसरे चार ठेवलेत वाळत. आधीचे पेटीत टाक परत, म्हणजे सगळं जागच्या जागी जातं. आणि तू सांगून टाक ना तिला. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

“नको मामा. सरांनी पेटीला हात लावायचा नाही म्हटलंय. तुमचे तीन आठवडे राहिलेत निवृत्तीला. बोल लावून घेऊन घरी जायचं का?”

“अगं, मी बाईंना शब्द दिला होता. म्हटलं, तुमच्यामागे मी बघतो. याच्या पोटात सेल राहू देणार नाही, गंज चढू देणार नाही. आठ वर्षं एक शनिवार चुकवला नाही मी. म्हणून तर आज चालतोय हा.”

“मामा, मी लाल कळ दाबलीय.”

“अरे देवा. बोल, बोल. मी गेलो.”

मग शांतता. एक. दोन. तीन. चिमणीने नक्की मोजलं असणार, कारण तिचा श्वास थांबला होता. आणि मग घुमीचा आवाज, पहिल्या शब्दासकट. ज्याला टॅबने सात भोंगे दिले होते तोच आवाज. ती इंग्रजीत जुन्या यंत्रांबद्दल बोलली, जमिनीत मुरणाऱ्या विषाबद्दल बोलली, अडखळली, थांबली, पुन्हा पुढे गेली. शेवटाकडे आली तेव्हा माझी ताकद सरत चालली होती.

“माय फ्रेंड टॉक्स फॉर मी,” असं काहीसं मी खर्जात म्हणालो. “बट आय वॉन्ट...”

आणि मी बंद पडलो.

“काय? काय हवंय तिला?” चिमणीने मला हलवलं. मग तिने सतरा, तेवीस, तीस, एकेचाळीस काढले आणि तळहातांत धरून चोळू लागली. फुंकर मारली, फ्रॉकवर घासले, काखेत धरले असावेत, पुन्हा चोळले. मामांनी जे ऊन दाखवून केलं तेच ती हातांच्या उबेने करत होती, आणि तिला ते कळलंही असावं, कारण मध्येच ती स्वतःशी हसल्यासारखी झाली. सेल परत आत आले. मी होती नव्हती ती सगळी शक्ती गोळा केली. इतकं मन लावून मी आयुष्यात कधी काम केलं नव्हतं.

“आय वॉन्ट टू टॉक विथ हर.”

चिमणीने ते वाक्य आपल्या भाषेत हळू म्हणून पाहिलं. माझी मैत्रीण माझ्यासाठी बोलते. पण मला तिच्याबरोबर बोलायचंय. नंतर माझ्या झाकणावर पाण्याचे दोन थेंब पडले.

त्या संध्याकाळी ती घुमीच्या घरी गेली की घुमी तिच्या, हे मी सांगू शकत नाही. माझे कान शाळेच्या फाटकापर्यंतच पोचतात. पण शनिवारी सकाळी दोघी आणि मामा याच खोलीत सरांपुढे उभे होते आणि सगळं चिमणीने सांगितलं. घुमीने तिचा दंड धरला होता म्हणे, तरी सांगितलं.

सरांनी पेटीचं झाकण उघडून पाहिलं. मग म्हणाले, “मामा, वाळत ठेवलेले सेल दाखवा.” थोड्या वेळाने दोघं परत आले तेव्हा मामांची पावलं आणखी जड झाली होती.

“एक फुटलाय,” सर म्हणाले. “पांढरं पाणी कट्ट्यावरून पार टाकीच्या झाकणापर्यंत आलंय. नशीब झाकण घट्ट होतं. मामा, ते पिण्याचं पाणी आहे.”

“आम्ही लहानपणापासून असंच करत आलो, सर,” मामा म्हणाले. “संपलेल्या सेलला ऊन द्यायचं. याच्या पोटात गंज नको म्हणून एवढा जपलो, आणि सगळ्या शाळेच्या पोटाचं ध्यानात आलं नाही. टाकी आज मी रिकामी करून धुतो.”

“दोघं मिळून धुऊ,” सर म्हणाले. “मीही हे धूड एकदा उघडून बघायला हवं होतं.”

टाकी धुतली. पेटीत बासष्टच्या बासष्ट सेल मोजून गेले, त्यांतला फुटलेला डब्यात बंद करून गेला. मी गेलो नाही. चिमणीने सरांना सांगितलं, बंद पडलेल्या वस्तू न्यायच्या असं ठरलंय आणि हा बंद पडलेला नाही. सरांनी मला परत कपाटावर ठेवलं. दुपारी खालच्या सभागृहातून मला दोन आवाज ऐकू आले. एक भराभर, एक सावकाश. सावकाश आवाज सुरू होण्याआधी तेवढीच शांतता होती, तीन अंकांची. कुठेही भोंगा वाजला नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी माझ्यासाठी चार सेल आणले, पुन्हा पुन्हा भरता येणारे. ते टॅबच्याच पट्टीवर भरतात. आता शेजारी झालो आहोत तर टॅबवर राग धरून कसं चालेल? तो निकाल देतो, मी ऐकतो. मुलांना दोन्ही लागतं.

मामांच्या शेवटच्या शनिवारी ते नेहमीसारखे वर आले. दोघी बरोबर होत्या. त्यांनी कप्पा उघडून स्प्रिंगा पुसून दाखवल्या, कापूस कसा धरायचा ते दाखवलं. मग म्हणाले, “आता शनिवार कोण धरणार?”

घुमी काही म्हणणार तोच चिमणी म्हणाली, “मी.”

“तू? दिवसाला तुझे डझनभर बेत असतात. लक्षात राहील?”

“राहील, मामा. मी तिच्यावर संशय घेतला होता. हे मला करू द्या.”

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र पडलेलं असेल. त्याच्या पाठीचा कप्पा एकदा उघडून बघा. सेल आत राहिले असतील तर काढा, संपले असतील तर मातीत किंवा कचऱ्यात न टाकता जिथे द्यायचे तिथे नेऊन द्या. आणि जो माणूस गुपचूप काही करताना दिसेल, त्याला चोर म्हणण्याआधी तीन अंक मोजा. मी आठ वर्षं मोजले नाहीत. ज्याने माझं आयुष्य राखलं, त्याचेच हात मी चोराचे समजत राहिलो.

पण खोड जाता जात नाही. मामा गेल्यानंतरचा हा पहिला शनिवार. मघाशी शाळा सुटली. बाकं सरकली, दप्तरं उचलली गेली, जिना दणाणला आणि रिकामा झाला. पंखाही बंद झाला. फाटकाकडून हसण्याचे आवाज येत होते, त्यांत चिमणीचा सगळ्यांत मोठा. मी म्हटलं, गेली. बोलणाऱ्यांचा शब्द असाच असतो. पोरगी विसरली.

मग खालून घुमीचा आवाज आला, “चल ना, सगळे थांबलेत.”

“तू हो पुढे. मी आलेच.”

एवढंच म्हणाली चिमणी. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चपला वाजल्या. सावकाश, कुणाला न सांगता. खिशात काचेची लहान बाटली किणकिणली. स्पिरिटची असावी.

मी मोजायला लागलो. एक. दोन.